नवा कायदा, जुनेच मनुष्यबळ

रायपूरच्या कनिष्ठ फौजदारी न्यायालयांत राज्याची बाजू मांडणाऱ्या अधिकाऱ्याला सगळे ‘एडीपीओ’ म्हणतात. म्हणजे सहायक जिल्हा लोक अभियोजन अधिकारी, महाराष्ट्रातील सहायक सरकारी अभियोक्ता. त्याची निवड राज्य लोकसेवा आयोग करतो. सत्र न्यायालयातील सरकारी वकील मात्र वकिलीतून, मुदतीपुरते नेमले जातात आणि सरकार बदलले की बहुधा तेही बदलतात. एकाच खटल्याच्या दोन टप्प्यांवर दोन निराळ्या व्यवस्था, हा प्रकार मला नेहमीच अजब वाटत आला आहे.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि या व्यवस्थेवरचे काम वाढले. सात वर्षांहून कमी, सात ते दहा वर्षे आणि त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांवर अभियोजन संचालनालयाच्या तीन स्तरांतील अधिकाऱ्यांनी लक्ष ठेवायचे आहे. मधल्या गटातील दोषारोपपत्रांची छाननीही करायची आहे. कायदा केंद्राचा, पगार राज्याचा. गृह खात्याच्या मागण्यांवर चर्चा होते तेव्हा ठाणी, वाहने, शस्त्रे यांचा विषय निघतो, अभियोजनाचा क्वचितच.

अभियोक्ता नसेल तर काय, याची सोय संहितेच्या कलम १९ मध्ये आहे. जिल्हाधिकारी राज्य सरकारला चौदा दिवसांची सूचना देऊन अन्य कोणाची त्या खटल्यापुरती नेमणूक करू शकतो. त्या तपासात भाग न घेतलेला पोलीस निरीक्षकही त्यात बसतो! अभियोक्त्यांची शाखा पोलीस खात्यापासून वेगळी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने शहाणे खटल्यात महाराष्ट्र सरकारला १९९५ मध्येच बजावले होते. जागा रिकाम्या राहिल्या की ते अंतर मागच्या दाराने मिटते.

हे अंतर का हवे, ते राज्याच्या दक्षिण टोकाला, बस्तरमध्ये दिसते. २४ एप्रिल २०१७ रोजी सुकमा जिल्ह्यातील बुर्कापाल येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे २५ जवान मारले गेले. जुलै २०२२ मध्ये दंतेवाड्याच्या विशेष न्यायालयाने १२१ आदिवासींची निर्दोष मुक्तता केली. ते घटनास्थळी होते हेच सिद्ध झाले नाही. बहुतेकांची पाच वर्षे तुरुंगात गेली, आणि जवानांच्या कुटुंबांच्या हातीही काही लागले नाही. हे मनुष्यबळाअभावी घडले, असा माझा दावा नाही. मात्र प्रत्येक आरोपीविरुद्ध नेमका पुरावा काय, हे पोलिसांना आरंभीच विचारण्याचे काम अभियोक्त्याचे असते. त्यासाठी कागद वाचायला वेळ लागतो, आणि पोलिसांना नकार देण्याइतकी पदाची सुरक्षितताही.

छत्तीसगड सरकारने पुढच्या अर्थसंकल्पासोबत जिल्हानिहाय मंजूर पदे, भरलेली पदे आणि दर अधिकाऱ्यामागील खटल्यांची संख्या सभागृहापुढे ठेवावी. मग संहितेतील मुदती कोणाच्या बळावर पाळायच्या, हा प्रश्न आमदारांना आकड्यांनिशी विचारता येईल.