विश्लेषण : ‘शोले’चा मूळ शेवट पन्नास वर्षांनी इटलीतल्या चौकात का दिसला? बोलोन्या जुन्या चित्रपटांचे माहेरघर कसे बनले?

२७ जून २०२५ रोजी इटलीतील बोलोन्या शहराच्या पियाझ्झा माज्जोरे या मध्ययुगीन चौकात मोठ्या पडद्यावर ‘शोले’ दाखवण्यात आला. १९७५ मध्ये भारतीय प्रेक्षकांनी पाहिलेला हा ‘शोले’ नव्हता. यात ठाकूर गब्बरला पोलिसांच्या हवाली न करता ठार मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आक्षेपामुळे हा शेवट बदलावा लागला होता.

बोलोन्यातच का?

दरवर्षी जूनअखेरीस येथे ‘इल चिनेमा रित्रोवातो’ हा महोत्सव भरतो. या नावाचा अर्थ ‘पुन्हा गवसलेला सिनेमा’. १९८६ पासून सुरू असलेल्या या महोत्सवात हरवलेल्या, विसरलेल्या आणि दुरुस्त केलेल्या जुन्या चित्रपटांना मान असतो. रात्री चौकात विनामूल्य खेळ होतात. काही मूकपट तर कार्बनच्या कांड्यांवर चालणाऱ्या जुन्या प्रोजेक्टरवर दाखवले जातात. महोत्सवाचे आयोजन ‘चिनेतेका दी बोलोन्या’ ही संस्था करते. हे संग्रहालय महापालिकेने उभारले. २०१२ मध्ये त्याचे प्रतिष्ठानात रूपांतर झाले, पण पालिकेचा आधार कायम राहिला.

चित्रपट दुरुस्त कसा होतो?

संस्थेशी संलग्न ‘लिम्माजिने रित्रोवाता’ ही प्रयोगशाळा १९९२ मध्ये सुरू झाली. पहिले काम शोधाचे. जगभरातील संग्रहांतून उपलब्ध निगेटिव्ह आणि प्रिंट गोळा करून त्यांची तुलना होते. त्यानंतर फाटलेल्या कडा आणि तुटलेले जोड हाताने दुरुस्त केले जातात. फिल्म धुऊन एकेक फ्रेम स्कॅन होते. एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे तीन तासांच्या चित्रपटात अडीच लाखांहून अधिक. मग संगणकावर ओरखडे, डाग काढणे, रंग जुळवणे आणि ध्वनी स्वच्छ करणे ही कामे होतात.

‘शोले’ची मूळ कॅमेरा निगेटिव्ह फारच खराब झाली होती आणि ७० एमएमची एकही प्रिंट उरली नव्हती. ब्रिटन आणि मुंबईत सापडलेल्या इंटरपॉझिटिव्ह प्रतींच्या आधारे फिल्म हेरिटेज फाउंडेशन, सिप्पी फिल्म्स आणि या प्रयोगशाळेने चित्रपट पुन्हा उभा केला.

भारताशी नाते जुने?

होय. उदय शंकर यांच्या ‘कल्पना’ची (१९४८) दुरुस्ती बोलोन्यातच झाली. २०१२ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. पाच लाख शेतकऱ्यांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून बनलेल्या ‘मंथन’च्या पुनरुज्जीवनातही या प्रयोगशाळेचा सहभाग होता. स्मिता पाटील यांची भूमिका असलेला हा चित्रपट २०२४ मध्ये कानमध्ये पुन्हा झळकला.

‘मॉडर्निस्सिमो’ काय आहे?

चित्रपट वाचवला, पण तो दाखवायचा कुठे, याचे उत्तर म्हणजे ‘मॉडर्निस्सिमो’. मुख्य चौकाला लागून असलेल्या जुन्या इमारतीच्या तळघरातील हे चित्रपटगृह १९१५ चे. २००७ मध्ये ते बंद पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शैलीत सजवून नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पुन्हा उघडले. ते ‘चिनेतेका’च चालवते. त्यामुळे जुना सिनेमा महोत्सवापुरता न उरता वर्षभर तिकीटबारीवर असतो.

आपल्यासाठी हे महत्त्वाचे का?

१९५० पूर्वीची बहुतेक फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते. नंतर आलेली ॲसिटेट फिल्म उष्ण, दमट हवेत सडते आणि तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. पुण्यात २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळे जळाली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ही (१९१३) आज पूर्ण उपलब्ध नाही.

‘शोले’ हा देशातील सर्वाधिक पाहिला गेलेल्या चित्रपटांपैकी एक. त्याची निगेटिव्ह खराब होऊ शकते, तर ज्यांच्या मागे मोठे निर्माते नाहीत अशा जुन्या मराठी चित्रपटांची अवस्था वेगळी असण्याचे कारण नाही. प्रयोगशाळा दुरुस्ती करू शकते ती हाती आलेल्या रिळाची. गोदामात सडून गेलेल्या फ्रेम कोणताही संगणक परत आणू शकत नाही.