राजीनाम्यानंतरचं जग: ऐकीव आणि खरं

नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करत जग फिरायचं म्हटलं की घरात एक प्रतिक्रिया येते आणि मित्रांत दुसरी. घरचे म्हणतात, डोकं फिरलंय याचं. मित्र म्हणतात, काय हिंमत आहे तुझी! दोघंही हा प्रश्न धाडसाचा आहे असं धरून चालतात. मला तसं वाटत नाही. पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या मुलामुलींत धाडस भरपूर आहे. त्यांचं अडतं ते व्हिसाच्या अटींपाशी, कराच्या हिशेबापाशी आणि पहिल्या काही महिन्यांच्या पैशापाशी. ही वाट मला मनापासून आवडते. म्हणूनच तिच्याबद्दल छातीठोकपणे सांगितल्या जाणाऱ्या अर्धवट गोष्टी खटकतात, कारण त्यांची किंमत परक्या विमानतळावर किंवा आयकर खात्याची नोटीस आल्यावर मोजावी लागते.

“लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की कुठूनही काम करता येतं”

यंत्राच्या दृष्टीने येतं, कायद्याच्या दृष्टीने येतंच असं नाही. पर्यटक व्हिसा हा फिरण्यासाठी असतो. “मी तिथल्या कुणाची नोकरी करत नाही, माझे क्लायंट माझेच आहेत” हा युक्तिवाद आपल्याला पटतो, पण बऱ्याच देशांच्या कायद्यात ‘काम’ या शब्दाची व्याख्या इतकी उदार नाही. काही ठिकाणी नियम संदिग्ध आहेत, आणि संदिग्ध नियमाचा अर्थ समोरचा इमिग्रेशन अधिकारी लावतो, आपण नाही.

ही अडचण ओळखूनच एस्टोनियाने २०२० मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. मग इतर देशांची रांग लागली. पोर्तुगालने २०२२ मध्ये असा व्हिसा आणला, स्पेनने २०२३ मध्ये. मलेशियाचा ‘डीई रांताऊ’ पासही २०२२ चाच. थायलंडने जुलै २०२४ मध्ये आणलेला ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ पाच वर्षं चालतो आणि त्यावर दर खेपेला १८० दिवस राहता येतं.

इथून पुढचा भाग मात्र उत्साहाच्या भरात वाचायचा राहून जातो. थायलंड बँकेत पाच लाख बात शिल्लक दाखवायला सांगतं. पोर्तुगालला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न हवं. २०२५ च्या हिशेबाने ते ३,४८० युरो होतं. स्पेनला किमान वेतनाच्या दुप्पट हवं, शिवाय पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव, आणि क्लायंटशी निदान तीन महिन्यांचा जुना व्यवहार. मलेशिया तंत्रज्ञान क्षेत्रातल्या माणसाकडून वर्षाला २४,००० डॉलर उत्पन्नाचा पुरावा मागतो. इंडोनेशियाचा दूरस्थ कामाचा व्हिसा बालीच्या मोहाने सगळ्यांनाच हवा असतो. त्याला वर्षाला ६०,००० डॉलरचं उत्पन्न लागतं आणि बाहेरच्या कंपनीचा नोकरीचा करारही लागतो. म्हणजे सुट्या कामांवर जगणाऱ्या फ्रीलान्सरची तिथे पहिल्याच पायरीवर अडचण होते.

या सगळ्या अटींचा मथितार्थ एकच आहे. हे व्हिसे फ्रीलान्सिंगमध्ये स्थिरावलेल्यांसाठी आहेत, कालपरवा राजीनामा दिलेल्यांसाठी नाहीत. ‘आधी निघू, मग क्लायंट शोधू’ हा क्रम व्हिसाच्या अर्जातच उलटा ठरतो.

“एकदा बाहेर पडलं की देशामागून देश करत जायचं”

असे प्रवास आपण पाहतो ते बहुतेक युरोपीय किंवा अमेरिकी पासपोर्टवरचे. भारतीय पासपोर्टची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मान खाली न घालता नीट समजून घ्यायला हवी. युरोपच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज साधारणपणे तुम्ही जिथले कायदेशीर रहिवासी आहात तिथूनच करायचा असतो. बँकॉकमध्ये पर्यटक म्हणून बसून तुम्ही इटलीचा व्हिसा सहज काढू शकत नाही. त्यासाठी पुन्हा मुंबई गाठावी लागते. अर्जाचा निकाल लागायला साधारण १५ दिवस, वेळप्रसंगी ४५ दिवस लागतात आणि तेवढे दिवस पासपोर्ट बहुधा त्यांच्याकडे असतो. म्हणजे तेवढे दिवस प्रवास बंद. भारतीय फ्रीलान्सरच्या वर्षाच्या आखणीत या परतीच्या फेऱ्या आणि त्यांचं विमानभाडं आधीपासून धरावं लागतं.

दुसरा गोंधळ ९० दिवसांचा. इटलीत तीन महिने, मग फ्रान्सात तीन महिने असा बेत कित्येकजण सांगतात. तो चालत नाही. शेंगेनचे २९ देश या मोजणीत एकच मानले जातात आणि कुठल्याही १८० दिवसांत त्या सगळ्यांत मिळून ९० दिवसच राहता येतं. एक चांगली बातमी मात्र पुरेशा लोकांपर्यंत पोचलेली नाही. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम सैल केले. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर दोन वर्षांचा आणि त्यापुढे साधारणपणे पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. त्यामुळे नोकरीत असताना केलेल्या दोन छोट्या सहलीही पुढच्या मोठ्या प्रवासाच्या कामी येतात.

“परदेशात राहून डॉलरमध्ये कमावलं, मग भारतात कर कसला?”

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. वर्षात १८२ दिवस बाहेर काढले की आपण अनिवासी, असं सर्रास सांगितलं जातं. कायद्यात दुसरीही कसोटी आहे. एका आर्थिक वर्षात तुम्ही ६० दिवस भारतात होतात आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात होतात, तरीही तुम्ही निवासीच ठरता. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षापुरती ६० ऐवजी १८२ दिवसांची सवलत आहे. भटकंतीला निघालेल्या फ्रीलान्सरने ती आपल्याला आपोआप मिळेल असं धरून चालू नये.

प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. आजवर पुण्यातच राहिलेली एक डिझायनर १ जूनला निघते आणि फेब्रुवारीअखेर परतते. एप्रिल, मे आणि मार्च ती पुण्यात होती. झाले ९२ दिवस. नऊ महिने बाहेर राहूनही ती निवासी ठरू शकते, आणि निवासी व्यक्तीचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र असतं. तिने वाटेत कुठे बँक खातं उघडलं असेल, तर तेही रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, त्यात एक रुपयाचं व्याज नसलं तरी. आणि समजा ती खरोखर अनिवासी ठरली, पण क्लायंटने फीचे पैसे थेट तिच्या भारतातल्या खात्यात जमा केले, तर ते भारतात मिळालेलं उत्पन्न म्हणून इथे करपात्र होऊ शकतं. पैसा पहिल्यांदा कुठे हातात आला, यालाही कायद्यात महत्त्व आहे.

तिकडच्या कराचं काय, हाही प्रश्न उरतोच. पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये वर्षाला १८३ दिवसांहून जास्त राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी होऊ शकता. थायलंडमध्ये ही मर्यादा १८० दिवसांची आहे. भारत आणि तो देश, दोघांनीही करावर हक्क सांगितला तर दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार उपयोगी पडतात. मात्र त्यासाठी तिथे भरलेल्या कराचे कागद लागतात, आणि हे काम जाणकार सीएच्या हातात द्यावं.

कर भरायचाच असेल तर तो सुसह्य करणारी एक तरतूदही आहे. कायद्याने यादी केलेल्या व्यवसायांना, ज्यात अभियंते, वास्तुविशारद, तांत्रिक सल्लागार, माहिती तंत्रज्ञानातले व्यावसायिक, चित्रपट कलावंत वगैरे येतात, एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. खर्चाच्या प्रत्येक पावतीचा हिशेब मग द्यावा लागत नाही. जमेची मर्यादा ५० लाख. रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. प्रत्येक व्यवसाय या यादीत नाही, म्हणून आपला आहे का ते आधी विचारून घ्या. पगारातून दरमहा कर कापला जायचा, ती सवय मात्र मोडावी लागते. वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त होत असेल तर आगाऊ कर स्वतःहून भरायचा असतो. वर सांगितलेल्या अनुमानित पद्धतीत तो १५ मार्चपर्यंत एकरकमी चालतो, इतरांना चार हप्त्यांत.

जीएसटीबद्दल थोडक्यात. क्लायंट परदेशी आहे म्हणून जीएसटीचा संबंधच नाही, हे चूक. सेवांची निर्यात शून्य दराची आहे. नोंदणीतून सूट नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करायची, आणि कर न आकारता बिल काढता यावं म्हणून दर आर्थिक वर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र भरायचं.

“आताच्या पगाराएवढं मिळालं की झालं”

हा हिशेब मी अनेकांना कागदावर मांडायला लावतो. समजा पगार वर्षाला १२ लाख आहे. वर्षातून शनिवार-रविवार वजा केले की उरतात २६१ दिवस. १२ लाखांना २६१ ने भागून माणूस दिवसाचा दर ४,६०० रुपये ठरवतो. पण सण, आजारपण आणि थोडी रजा काढली की जेमतेम २२० दिवस राहतात. त्यातला एक तृतीयांश वेळ कामं मिळवणं, बिलं, पाठपुरावा, प्रवास, नवं घर शोधणं यात जातो, ज्याचे पैसे कुणी देत नाही. बिल लावता येतील असे दिवस उरतात १४७ च्या आसपास. दर होतो जवळपास ८,२०० रुपये. त्यातही मालकाचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी आणि विमा अजून धरलेला नाही. फायव्हरसारखा मंच कमाईतले २० टक्के ठेवून घेतो, तेही वेगळेच.

घड्याळाचाही हिशेब असतो. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात बँकॉकला रात्रीचे ८ झालेले असतात आणि लिस्बनला दुपारचे २. दिवसभर समुद्रावर आणि रात्री मीटिंगा, हे पंधरा दिवस छान वाटतं. नंतर झोप मोडते, आणि शहर बघायचं राहूनच जातं. देश निवडताना हवामानाइतकाच क्लायंटचा वेळ बघायला हवा.

नोकरी सुटताना

ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याची सलग पाच वर्षं भरावी लागतात. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे शेवटचं मासिक वेतन, त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं, असं तिचं सूत्र आहे. पाच वर्षांना चार-सहा महिने उरले असतील तर थांबा. पीएफ लगेच काढलाच पाहिजे असंही नाही. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढला तर त्यावर कर लागतो.

आरोग्यविम्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर संपतो, आणि त्यात आई-वडील असतील तर त्यांचंही संरक्षण जातं. जाण्याआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येतं, ते नोटीस पिरियडमध्येच मागावं. भारतातली पॉलिसी सहसा परदेशातला उपचार देत नाही, म्हणून प्रवासविमा वेगळा हवा. शेंगेनसाठी तर ३०,००० युरोंचं संरक्षण सक्तीचं आहे.

“नोकरीत असतानाच क्लायंट जोड” हा सल्ला बरोबर आहे, पण आधी नेमणूकपत्र वाचा. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना आढळलेल्या ३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकलं होतं. बाहेरच्या कामाला लेखी परवानगी मिळत असेल तर घ्या. नसेल तर बिनपगारी रजा मागून महिनाभर गोव्यात किंवा आणखी कुठे राहून रोज कामाच्या वेळा पाळून पाहा. घरापासून दूर, अनोळखी खोलीत काम होतं की नाही, हे त्यात नेमकं कळतं.

भारतातले क्लायंट ठेवणार असाल तर जाण्याआधी उद्यम नोंदणी करून ठेवा. ती मोफत आहे. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद झालेल्याचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करण्याचं बंधन २००६ च्या कायद्याने घातलं आहे. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं, तक्रारीला सरकारी पोर्टलही आहे.

आणि घरच्यांशी बोलणं शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. भाड्याचं घर सोडून निघालात तर जीएसटी नोंदणीसाठी वडिलांच्या नावचं लाईटबिल आणि त्यांचं संमतीपत्र लागू शकतं, टपाल त्यांच्याच पत्त्यावर येणार, बँकेच्या कामासाठी त्यांना किंवा बहिणीला मुखत्यारपत्र द्यावं लागणार. ओटीपी येणारं सिमकार्ड रोमिंगवर चालू ठेवा आणि त्याचं रिचार्ज कुणी करायचं तेही ठरवा. हे सगळं त्यांच्यासमोर मांडलंत की त्यांची काळजी नेमकी कशाबद्दल आहे ते त्यांनाही सांगता येतं, आणि तेव्हाच तिच्यावर उपाय काढता येतो.