शिंकेची धास्ती (लेखांक ६)

मागच्या लेखात मूत्राशय कसं भरतं ते पाहिलं. दीडशे-दोनशे मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते. चारशे-पाचशेपर्यंत ते धरून ठेवू शकतं. आज बघू, या धरून ठेवण्यात ओटीपोटाच्या तळाचा वाटा काय.

पुढे जघनाचं हाड, मागे माकडहाड आणि दोन्हींच्या मध्ये झोळीसारखे ताणलेले स्नायू. डॉक्टर त्यांना ‘पेल्विक फ्लोअर’ म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देतात ते हेच. आपण खोकलो, हसलो, भरलेली कळशी उचलली की पोटातला दाब एकदम वाढतो. स्नायू तंदुरुस्त असले तर त्याच क्षणी आवळून मूत्रमार्ग बंद ठेवतात. बाळंतपणात ते कमालीचे ताणले जातात, कधी फाटतातही. त्यात जुनी बद्धकोष्ठता, हटता न हटणारा खोकला, वाढलेलं वजन यांची भर पडते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ होतं. मग शिंकेसरशी दोन थेंब निसटतात.

“पोरं झाल्यावर असं व्हायचंच,” असं बायका एकमेकींना सांगतात. पुष्कळजणींना होतं, हे खरं. पण ते सोसत राहायला हवं, हे खरं नाही.

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावर लेख प्रसिद्ध केला. त्यांचं नाव आज सगळीकडे घेतलं जातं, पण त्यांची खरी करामत मागे पडली. नुसतं “आवळा” म्हणून भागत नाही, अनेकींना नेमका स्नायू सापडतच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. म्हणून त्यांनी योनीत ठेवून दाब मोजणारं पेरिनिओमीटर वापरलं. आपली पकड वाढतेय का, हे बाईला स्वतःच काट्यावर दिसे. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत हे तपासणं नसतं, आणि अर्ध्या चुका तिथेच होतात, असं माझं मत आहे.

चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जे आवळतो, तेच करायचं. पुढची जागाही सोबत आत आणि वर ओढायची. पोट, मांड्या, कुल्ले सैल, श्वास चालू. श्वास कोंडून खाली जोर दिला तर उलटच काम होतं. पाच सेकंद धरायचं, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सवयीने दहा सेकंदांपर्यंत जायचं. किमान तीन महिने तरी द्यायला हवेत. आठवड्यात कंटाळून सोडलं तर व्यायामाला दोष देऊ नये. लघवीची धार अडवून सराव करू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामं होण्यात अडथळा येतो. शिंक येतेयसं वाटलं की आधीच आवळून घ्यायचं, ही युक्ती मात्र जरूर शिकावी. ओटीपोटात किंवा संबंधांच्या वेळी दुखत असेल, तर स्नायू सैल नव्हे, आखडलेले असू शकतात. तिथे आवळण्याने त्रास वाढतो. आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

दाराला किल्ली लावता लावता जिचा धीर सुटतो, तिचं दुखणं वेगळं. तिथे मूत्राशयच अवेळी आकुंचन पावतं. मधुमेह आणि जंतुसंसर्ग नाही ना, हे आधी तपासायचं. मग चहा-कॉफी कमी करायची आणि दोन वेळांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचं. “निघण्याआधी जाऊन घे” हा प्रेमळ आग्रह दर तासाला पाळला, तर थोड्या लघवीलाही घाई करायची सवय लागते. औषधंही आहेत.

पाणी कमी पिणं हा बायकांचा आवडता उपाय, आणि वाईटही. दाट लघवी मूत्राशयाला चिडवते आणि संसर्गाला वाव देते. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. पण दिवसभर बाजारात बसणाऱ्या भाजीवालीला “पाणी प्या” सांगणाऱ्याने जवळची मुतारीही दाखवावी! मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळ बायकांसाठी स्वच्छ, मोफत मुताऱ्या मागतेय, ती याचसाठी.

लघवीत रक्त दिसलं, जळजळीसोबत ताप आला किंवा लघवी अडलीच, तर व्यायाम करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. खाली काही उतरल्यासारखं, ‘अंग बाहेर आल्यासारखं’ वाटत असेल तरीही तपासून घ्यावं. त्यावर रिंग बसवतात ती कशी, आणि शस्त्रक्रिया कधी लागते, ते पुढच्या आठवड्यात.