इसबाची सत्तर वर्षं आणि अंघोळीनंतरचं तेल

संपादकांनी यंदा ‘खाजेवर काहीतरी खुसखुशीत’ मागितलं. विषय खुसखुशीत नाही. पण बेचाळीस वर्षं मिरजेत औषधाचं दुकान चालवलेल्या आणि त्याहून जास्त वर्षं स्वतःची कोपरं खाजवलेल्या माणसाला तो टाळताही येत नाही. इसब म्हणजे काय, तो खरजेहून आणि नायट्याहून वेगळा कसा, त्याची लागण का होत नाही, हे वाचकांना ठाऊक आहे असं धरून चालतो. मला बोलायचं आहे ते औषधांविषयी. कोणती आली, कोणती गेली, कोणती उगाच आली, आणि कोणतं फळीवर असूनही कुणी मागितलं नाही.

माझा इसब दापोली तालुक्यातला. गुडघ्यांच्या मागे आणि कोपरांच्या लवणीत, म्हणजे मुलांना होतो तिथेच झाला. दिवसा खेळात विसर पडायचा, रात्री अंथरूण तापलं की सुरू. आई हातांना जुन्या धोतराच्या पिशव्या बांधायची. मी त्या दातांनी सोडायचो. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. शाळेत बाकावर माझ्या शेजारची जागा बहुधा रिकामी असायची, कारण मास्तरांनाही ती खरूजच वाटायची.

उपाय झाले ते त्या काळच्या रीतीने. कडुनिंबाचं पाणी, करंजेल, वांगं बंद, आंबट बंद, अंडं बंद. एका पुडीवाल्याच्या भुकटीने पंधरा दिवसांत कातडी कोरी केली आणि तोंड पुरीसारखं फुगवलं. त्या भुकटीत काय असावं, हे मला पुढे फार्मसी शिकताना उमगलं. वैद्यांशी माझं भांडण नाही. फक्त चरकाने विचर्चिकेला क्षुद्रकुष्ठांत बसवलं, त्यातला ‘कुष्ठ’ हा शब्द तेवढा आमच्या आळीत सगळ्यांना ऐकू गेला आणि माझ्या थोरल्या बहिणीचं एक स्थळ परत गेलं.

मग आजीने मला उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यावर नेलं. कोकणात आणि ठाण्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला असे झरे आहेत, आणि कातडीची दुखणी घेऊन लोक पिढ्यान् पिढ्या तिथे जातात. कढत पाण्यात उतरल्यावर खाज थांबते हे खरं आहे. पण बाहेर आल्यावर अर्ध्या तासात अंग चामड्यासारखं ताणतं आणि मग दुपटीने खाजतं, हेही तितकंच खरं आहे. त्या दिवशी मात्र तसं झालं नाही. दापोलीची एसटी चुकेल म्हणून आजीने मला धड न पुसताच ओल्या अंगाला खोबरेल चोपडलं आणि सदरा चढवला. त्या रात्री मी झोपलो. श्रेय अर्थातच झऱ्याला गेलं. ते तेलाचं होतं, हे कळायला मला वीस वर्षं लागली. हा लेख खरं तर त्या चोपडण्याचा आहे, पण आढाव्याचा क्रम पाळायला हवा.

१९७३ साली दुकान घातलं तेव्हा बरीच मलमं आम्हीच करायचो. संगमरवराच्या तुकड्यावर पांढऱ्या व्हॅसलीनचा गोळा घ्यायचा, त्यात पात्याने औषध घोटायचं. नायट्याला व्हिटफील्डचं मलम, म्हणजे सहा टक्के बेंझोइक आम्ल आणि तीन टक्के सॅलिसिलिक. जाड चट्ट्यांना डांबराचं, चिघळलेल्याला जस्ताचं. वास असा की गिऱ्हाईक गेल्यावरही दुकानात उरायचं. यापलीकडे त्या मलमांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एवढंच आठवतं, की एक म्हातारे गृहस्थ औषध न घातलेलं नुसतं व्हॅसलीन बांधून न्यायचे आणि त्यांची कातडी आम्हा सर्वांपेक्षा चांगली होती.

तोवर स्टेरॉइडचं राज्य आलेलंच होतं. कॉर्टिसोनच्या कामाबद्दल केंडॉल, हेंच आणि राइकश्टाइन यांना १९५० चं नोबेल मिळालं. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम इसबावर चालतं हे दाखवलं. साठच्या दशकात बीटामेथासोन आलं, सत्तरच्या दशकात क्लोबेटासोल. मला स्वतःला पहिली ट्यूब कॉलेजात असताना मिळाली. सुट्टीत घरी गेलो तेव्हा चौथ्या दिवशी आईने विचारलं, “अरे, रात्री खाजवण्याचा आवाज येत नाही, बरा आहेस ना?” ज्याने ही शांतता अनुभवली आहे तो स्टेरॉइडला शिव्या देऊ शकत नाही. आजकाल ‘स्टेरॉइड म्हणजे विष’ म्हणणारा एक पंथ निघाला आहे. त्यांच्या घरात रात्रभर खाजवणारं पोर नसावं.

पण आम्ही दुकानदारांनी त्या शांततेचा बाजार मांडला, हे कबूल करायला हवं. ‘खाजेचं काहीतरी द्या’ म्हटलं की आम्ही एकच ट्यूब पुढे करायचो. तिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध, सगळंच. इसब असो की नायटा, दोन दिवसांत लाली उतरायची आणि गिऱ्हाईक आम्हाला डॉक्टर म्हणायचं. मीही दिल्या. जांघेतला नायटा त्या ट्यूबखाली दबून पसरायचा आणि ओळखू येईनासा व्हायचा. गोरं होण्यासाठी तीच ट्यूब तोंडाला फासणाऱ्या मुली चार महिन्यांनी तोंडावर पदर घेऊन यायच्या. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षं ओरड केली, तेव्हा कुठे २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. यादीत घातली, एवढंच म्हणतो. संध्याकाळी कुठल्याही बाजारपेठेत एखाद्या काउंटरपाशी दहा मिनिटं उभे राहा, म्हणजे पुढचं मी सांगायला नको. औषधाला दाद न देणाऱ्या नायट्याच्या एका नव्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी नाव दिलं ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’. त्या नावातला ‘इंडो’ आपला आहे.

स्टेरॉइड वापरायचं कसं, हे तर कुणी सांगतच नाही. १९९१ मध्ये दोघा ब्रिटिश डॉक्टरांनी सोपं माप दिलं. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढं मलम पिळलं की ते अर्धा ग्रॅम होतं आणि दोन तळव्यांएवढ्या कातडीला पुरतं. लाली गेली की थांबायचं. जिथे इसब पुनःपुन्हा उठतो तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून दोनदा लावत राहायचं. एवढं एका चिठ्ठीच्या पाठीवर मावतं.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे येतो. दिवाळीत आपण आधी तेल लावतो आणि मग उटण्याने ते काढून टाकतो. इसबवाल्याने याच्या उलट करायचं. आधी अंघोळ, मग तेल. मी याला ‘उलटं अभ्यंग’ म्हणतो. एका परिसंवादात एका नामवंत तज्ज्ञांनी मला यावरून ‘तेल्या’ म्हटलं होतं. मी ती पदवी मिरवतो.

याचं कारण कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. पावसाळ्याआधी घर शाकारलं नाही, कौलं परतली नाहीत, तर घर गळतं. कातडीचंही तसंच आहे. २००६ मध्ये डंडीच्या संशोधकांनी दाखवलं की फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात खोट असली की इसबाचा धोका वाढतो. कौलं जन्मतःच सरकलेली. आतलं पाणी उडून जातं, बाहेरची धूळ, साबण, लोकर आत शिरते, आणि आत आरडाओरडा होतो, तीच खाज. खाजवलं की कौलं आणखी सरकतात. ही शाकारणी रोज करायची असते आणि कातडी ओली असतानाच करायची असते.

पद्धत सांगतो. पाणी कोमट, अंघोळ दहा मिनिटांत आटोपायची, साबण काखेत आणि जांघेत, बाकी अंगाला नाही. टॉवेलने घासायचं नाही, दाबायचं. अंग दमट असतानाच, न्हाणीघरातच, खोबरेल किंवा साधं व्हॅसलीन केसांच्या दिशेने लावायचं. दिवसातून दोनदा, आणि भरपूर. भरपूर म्हणजे किती? ब्रिटनमध्ये इसबाच्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लावायला सांगतात. आमच्याकडे लोक पन्नास ग्रॅमची ट्यूब दिवाळीला घेतात आणि ती होळीपर्यंत पुरवतात, आणि मग म्हणतात, ‘क्रीमचा काही उपयोग नाही हो.’

तेल कोणतं यावर वाद आहेत. ऑलिव्ह तेलवाल्यांना माझा नमस्कार. २०१३ मध्ये इंग्लंडमध्येच दिसलं की ते कातडीचं आवरण बिघडवतं. खोबरेलाची फिलिपिन्समध्ये मुलांवर चाचणी झाली, तेव्हा ते खनिज तेलाहून सरस ठरलं. कोकणातल्या आज्यांना हे कळवायची गरज पडली नाही. सिरॅमाइडवाली महागडी क्रीमं वाईट नाहीत. पण २०२२ च्या एका ब्रिटिश चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांच्या परिणामात फरक आढळला नाही. जे मूल लावू देईल ते उत्तम, हा त्याचा अर्थ. वैशाखात दाट व्हॅसलीनने घामोळं येतं हा विरोधकांचा मुद्दा मला मान्य आहे. तेव्हा पातळ लोशन लावा, पण लावा.

माझी हारही सांगायला हवी. जन्मल्यापासून बाळाला तेल-मलम लावलं तर इसब होणारच नाही, असं मी वीस वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. २०२० मध्ये सुमारे चौदाशे बाळांवरची ब्रिटिश चाचणी आली आणि तसं काही होत नाही हे सिद्ध झालं. शाकारणीने घर गळत नाही, पण कौलं सरकायची थांबत नाहीत. बोअरच्या जड पाण्यावर माझा राग होता, तिथेही २०११ च्या चाचणीत पाणी मऊ करून मुलांना फायदा झाला नाही. रेशमी कपडे २०१७ मध्ये असेच उघडे पडले, त्याचं मात्र मला दुःख झालं नाही. मी कधीच विकले नव्हते.

ॲलर्जीच्या गोळ्यांविषयी दोनच वाक्यं. इसबाची खाज मुख्यतः हिस्टामिनची नसतेच, तेव्हा दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. जुन्या गोळ्यांनी फक्त झोप येते.

नवी औषधं भराभर सांगतो, कारण ती माझ्या काउंटरवर फारशी आली नाहीत. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस निघालं. त्याचं मलम २००० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि पापण्यांवर, मानेवर ते वरदान आहे. २०१७ मध्ये डुपिलुमॅब हे इंजेक्शन आलं. पुढे ‘जॅक’ नावाची विकरं रोखणाऱ्या गोळ्या आल्या, त्या काही दिवसांतच खाज खाली आणतात, पण रक्ताच्या तपासण्या आणि क्षयाची चाचणी केल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. रात्र रात्र जागणाऱ्यांना या औषधांनी आयुष्य परत दिलं आहे. ती परवडणाऱ्यांची संख्या कमी आहे, एवढंच.

दुकानात औषधं चालतात कशी, हे मी आतून पाहिलं. बॅग घेऊन औषध कंपनीचा एम.आर. येतो, नमुने ठेवतो, दहावर एक फुकट देतो. ज्या औषधामागे एम.आर. आहे ते डॉक्टरांच्या जिभेवर आणि आमच्या पुढच्या फळीवर. व्हॅसलीनच्या डब्यामागे कुणीच नव्हतं. ओल्या अंगाला तेल लावा, हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात आणि त्या पाच मिनिटांचं बिल होत नाही. पूर्वीचा कंपाउंडर ती पाच मिनिटं द्यायचा. आता काउंटरवरचा मुलगा मोबाइलवरचं ट्यूबचं चित्र पाहतो आणि ट्यूब देतो.

तेव्हा वाचकहो, नरकचतुर्दशीला पहाटे रीतीप्रमाणे तेल आधीच लावा. पण घरात कुणी कोपरं खाजवत असेल तर त्याला उटणं आणि सुगंधी साबण माफ करा, आणि वाटीतलं थोडं तेल न्हाणीच्या दाराशी मागे ठेवा. आणि एक : तेला-व्हॅसलीनने माखलेला कपडा चटकन पेट घेतो. तो अंगात असताना पोराला पणत्यांपासून आणि फुलबाज्यांपासून लांब उभं करा.