कातडी बांधणीचे धडे

कोल्हापूरचे कातडे म्हटले की कोणालाही पायताणच आठवते. तेच कातडे पुस्तकाला चालेल का, असा प्रश्न मला पडला तो आजोबांच्या संग्रहातील ग्रंथांच्या पाठी सुटू लागल्या तेव्हा.

जुजबंदी, खळ, पुठ्ठा ही कामे एका बाइंडरकडे बसून शिकलो. खरी परीक्षा कातड्याची. पायताणाच्या तळाला लागणारे म्हशीचे जाड कातडे पुस्तकाच्या सांध्यावर वाकत नाही. वेणीच्या कामाचे बकऱ्याचे कातडे पातळ आणि चिवट. तेही कडेला कागदाइतके तासावे लागते. जवाहरनगरातील एका वयस्क कारागिरांनी रापी धरायला शिकवली. जोर हाताचा नको, धार रापीची हवी, हे त्यांचे सारे शास्त्र!

पुढे तुकड्यांवर प्रयोग केले. खळ लावलेले कातडे ओले असताना ताणते, सुकताना आखडते आणि पुठ्ठ्याच्या कडा बाहेर उचलते. आतून कागद चिकटवला की तो उलट बाजूने ओढतो व पुठ्ठा सरळ राहतो. ओल्या कातड्याला लोखंड टेकले तर निळसर-काळा डाग पडतो. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावतात. त्यांतील टॅनिन लोखंडाशी मिळून काळे होते. हिरडा-हिराकसाची जुनी शाई याच गुणावर होई. म्हणून घडी बसवायला मी हाडाची पट्टी वापरतो.

जुन्या ग्रंथांच्या पाठीची लाल भुकटी होते, ती मात्र केवळ वयामुळे नव्हे. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने १९०१ मध्ये याचे मूळ बरेचसे कमावणीत दाखवले. सुमाकने कमावलेले कातडे टिकते. काही सालींनी कमावलेले हवेतील आम्ल वायूंनी लवकर झडते. हिरडा सुमाकच्या गटातला, बाभळीची साल दुसऱ्या. तेव्हा पायताणाला उत्तम ते ग्रंथाला उत्तम असेलच असे नाही.

म्हणून रोजच्या वह्या आणि शब्दकोश मी कातड्यात बांधतो; आजोबांच्या दुर्मीळ ग्रंथांना मात्र कापडी पेट्या केल्या आहेत. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारखी ग्रंथालये ज्या गावात आहेत, तेथील विद्यार्थ्यांनी एवढी विद्या तरी हाताशी ठेवावी. सुरुवातीला एक रापी, थोडी खळ आणि पायताणाच्या कामातून उरलेले तुकडे पुरतात.