अर्नाळ्याचा जवळा, अंड्याचा केशरी बलक

पाऊस सरला की अर्नाळा, नायगाव, पाचूबंदरच्या किनाऱ्यावर वलांड्या भरतात. वर बोंबील लटकतात, खाली जवळा पसरलेला. चांगला माल बाजाराला जातो. अवकाळी सरीत भिजलेला, रंग गेलेला, मोडका जवळा मात्र पडेल त्या भावात खताला नाहीतर कोंबडीखाद्याला. कोळणीच्या पदरी नुकसानच. पण हा ‘टाकाऊ’ जवळा फार गुणाचा आहे! वाळल्यावर त्यात निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात. कवचात अस्टाझँथिन नावाचं लालसर रंगद्रव्य असतं. ते कोंबडीच्या पोटात गेलं की अंड्याचा बलक केशरीकडे झुकतो. अर्थात प्रमाण सांभाळायला हवं. मासळीचा अंश जास्त झाला तर अंड्यालाच हिमूस वास येतो, आणि मीठ जास्त असेल तर कोंबड्या सारखं पाणी पितात, खुराडं ओलं होतं.

मासळी साफ केल्यावर उरणारी डोकी, आतडी? तीही वाया घालवायची गरज नाही. बारीक वाटायची, त्यात तीनेक टक्के फॉर्मिक आम्ल घालायचं आणि रोज ढवळायचं. आपल्याकडच्या उष्ण हवेत थोड्याच दिवसांत सगळ्याचा पातळ रस्सा होतो. भट्टी नाही, वाळवण नाही. माशाच्या पोटातली पाचकद्रव्यंच मांस विरघळवतात आणि आम्ल सडवणाऱ्या जंतूंना रोखतं. याला सायलेज म्हणतात, आणि तेही खाद्यात चालतं. आम्लात चारा टिकवण्याची युक्ती फिनलंडच्या आर्टुरी विर्तानेन यांची. त्यांना 1945 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे तीच युक्ती माशांना लावली गेली.

मासळीसारखंच कोंबडीच्या उरल्यासुरल्याचं. तिच्या पिसांत 80 टक्क्यांहून जास्त प्रथिनं असतात, पण ती केराटिनची, म्हणजे आपल्या नखांसारखी. तशीच खाऊ घातली तर पचत नाहीत. दाबाखालच्या वाफेत शिजवली तरच उपयोगी. अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण 4 ग्रॅम कॅल्शियम लागतं. कवचं नीट भाजून, कुटून दिली तर चालतात.

आता तबेल्याकडे. बिअरच्या कारखान्यातला बार्लीचा चोथा म्हशींना घालतात, हे ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावतात. दूध चढेल का? मुळीच नाही. यीस्ट घालण्याच्या आधीच हा चोथा गाळून बाजूला काढलेला असतो, त्यामुळे त्यात मद्य नसतंच. खरी भीती वेगळी आहे: ओला चोथा दमट हवेत दोन-चार दिवसांत बुरसतो.

बुरशी हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. कारण निघालं बुरसलेली शेंगदाणा पेंड, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. हे विष उकळूनही जात नाही, आणि म्हशीने खाल्लं तर तिच्या दुधात उतरतं. म्हणून बुरसलेला पाव ‘जनावराला चालतो’ म्हणणं चूक आहे. जनावराला चालत नाही, आपल्यालाही नाही.

कुणाचं उरलेलं कुणाला घालायचं, हा प्रश्न तर त्याहून मोठा. ब्रिटनमध्ये गाईंना गाईगुरांच्याच मांस-हाडांची भुकटी घातली गेली आणि 1986 साली ‘मॅड काऊ’ रोग ओळखला गेला. 1 लाख 80 हजारांहून जास्त गुरांना तो झाला. 2001 साली तिथेच लाळ्या-खुरकुताची साथ पसरली. सुरुवात एका डुक्करपालनातून, नीट न उकळलेल्या खरकट्यातून झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. साथ आवरायला 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. एका पातेल्याखालचा जाळ कमी पडला, त्याची एवढी किंमत! जपानमध्ये याच उरलेल्या अन्नाचं उष्णता देऊन, आंबवून डुकरांसाठी पातळ खाद्य बनवतात आणि ते रीतसर विकतात. म्हणजे खरकटं वाईट नाही, हयगय वाईट.

आपल्याकडची हयगय लग्नसराईत दिसते. हॉलमागे उरलेला भात, पुऱ्या, जिलेबीचा ढीग गाईपुढे ओततात आणि पुण्य पदरी पडलं असं समजतात. पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम एवढा भात गेला की तो झपाट्याने आंबतो, आम्ल वाढतं. रवंथ थांबतं, पोट तडतडतं, जनावर बसतं ते उठत नाही. पशुवैद्य वेळेवर पोचले नाहीत तर जीव जातो. पिशवीत बांधून टाकलेलं अन्न तर पिशवीसकट गिळलं जातं, आणि प्लास्टिक पोटात साठत राहतं.

तेव्हा वसई-विरारकरांनो, एवढं कराच. उरलेलं अन्न रस्त्यावर, पिशवीत, ढिगाने टाकू नका. गाईला द्यायचंच तर आधी तिच्या मालकाला विचारा, ताजं द्या, मूठभर द्या, चाऱ्यासोबत द्या. आणि मासळी साफ केल्यावरची घाण भाजीच्या देठांत मिसळू नका, वेगळ्या डब्यात ठेवा. वेगळी राहिली तरच तिचं खाद्य होईल.