कुरळ्या केसांचा पावसाळा

पाऊस कोकणात उतरला आणि लगोलग पार्लरांच्या काचांवर ‘मान्सून ऑफर’ची पोस्टरं लागली. स्मूदनिंग, केराटिन, हेअर बोटॉक्स अशी नावं निरनिराळी, पण आश्वासन एकच की चार महिने केस पिंजारणार नाहीत. मुंबई-ठाण्यात, रत्नागिरीत, पणजीत कुरळ्या केसांच्या बायकांना या दिवसांत आरसा नकोसा होतो (पुरुषांनाही होतो, त्यांची तक्रार कोणी मनावर घेत नाही). तरीही काही हजार रुपये मोजून त्या खुर्चीत बसण्याआधी केस मुळात पिंजारतात का, हे कळून घ्यायला हवं. ते कळलं की बराचसा उपाय घरातच सापडतो.

त्यासाठी थेट १७८३ सालात जावं लागेल. जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र केलं, तेही माणसाच्या केसापासून. ताणून बसवलेला केस आणि त्याला जोडलेला काटा. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो, तसा काटा सरकतो. अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत केसाची लांबी जेमतेम दोन-अडीच टक्क्यांनी वाढते. पण ती इतक्या भरवशाने वाढते की पुढे विसाव्या शतकातही वेधशाळांमध्ये, आपल्या हवामान खात्यातसुद्धा, केसांवर चालणारी आर्द्रतामापकं वापरली जात होती. मला यातला एक तपशील फार मोलाचा वाटतो. यंत्रात बसवण्याआधी सोस्यूर केस सोड्याच्या पाण्यात उकळून त्याचं तेल काढून टाकत असे. तेलकट केस दमटपणाला नीट दाद देत नाही, तेल गेलेला केस हवेच्या प्रत्येक बदलाला हलतो.

आणि पावसाळा लागला की आपण नेमकं हेच करतो. केस चिकट वाटतात म्हणून एक दिवसाआड भरपूर फेसाचा शाम्पू, कुठे अजून अंगाचाच साबण. शेवटचं बोट तेल धुऊन काढायचं आणि मग नव्वद टक्के आर्द्रतेच्या हवेत बाहेर पडायचं.

कुरळ्या केसांचं तर आधीच तेलाशी वाकडं. केसाचं मूळ कातडीतच वळलेलं असतं आणि केसाचा छेद गोल नसून चपटा असतो. सरळ केसावरून टाळूचं तेल टोकापर्यंत उतरतं, वळणावळणाच्या केसात ते वरच अडकतं. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं राठ, अशी दोन्हीकडून पंचाईत. त्यात केराटिनच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. दमट हवेत हे दिवसभर चालू राहतं. प्रत्येक केस आपापल्या मनाने वळतो, बट सोडून बाहेर येतो, आणि हजार केसांनी तसं केलं की त्याला आपण फ्रिझ म्हणतो. रंगाने, ब्लीचने किंवा तापलेल्या इस्त्रीने वरचे खवले उचकटलेले असतील, तर पाणी आणखी सहज आत शिरतं.

आज्यांचं खोबरेल इथे कामाला येतं. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. न्हाण्याआधी लावलेल्या खोबरेलाने केसातल्या प्रथिनांची झीज स्पष्टपणे कमी झाली, बाकी दोन तेलांनी तसं झालं नाही. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचाच हा अभ्यास, हे लक्षात ठेवूनच तो वाचायला हवा. पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असल्यामुळे केसाच्या आत शिरतं. तेव्हा तेल न्हाण्याआधी तासभर, लांबीला आणि टोकांना.

धुताना शाम्पू फक्त टाळूला लावावा, सौम्य आणि थोडा. फेस खाली ओघळतो तेवढा लांबीला पुरतो. मग कंडिशनर सढळ हाताने, आणि तो केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर जात गुंता सोडवायचा. कुरळे केस विंचरायची वेळ तीच. कोरड्या केसांतून फणी फिरवली की प्रत्येक बट सुटी होते. पुसायला टर्किश टॉवेल नको. जुना मऊ पंचा घ्यावा, केस खालून मुठीत धरून दाबावेत, खसाखसा घासू नयेत.

जेल घरी होतं. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत ठेवायचं. आठ-दहा मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं तार धरू लागलं की गॅस बंद, आणि गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचं. गार झालं की कापडातून थेंब उतरत नाही. फ्रिजमध्ये ते आठवडाभर टिकतं. ओल्या केसांना लावलं की वाळताना कडक पापुद्रा धरतं, त्याने घाबरू नये. केस पूर्ण वाळल्यावर तळहाताला तेलाचा थेंब चोळून बटा मुठीत हलके चुरगळल्या की पापुद्रा मोडतो आणि वळणं राहतात. ग्लिसरीन मात्र जपून. ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणजे कोकणातल्या जुलैत केस आणखी फुगवतं. बोअरचं जड पाणी असेल तर क्षारांचा थर साठतो, तिथे अधूनमधून ईडीटीए असलेला शाम्पू लागतो.

हे सगळं वेळखाऊ आहे, मान्य. पण पर्याय काय, तेही पाहा. अनेक स्ट्रेटनिंग क्रीममधून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवलेलं आहे. त्याऐवजी आलेलं ग्लायऑक्सिलिक आम्लही निर्धोक नाही. २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिगत आली. तीन वेळा स्ट्रेटनिंग केलं आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. हेच क्रीम उंदरांच्या पाठीला लावल्यावर त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. प्रत्येकीला असं होईल असं नाही. पण चार महिन्यांच्या सरळ केसांसाठी एवढी जोखीम घ्यायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे.

तरीही करायचंच ठरवलं असेल, तर पैसे देण्याआधी बाटली हातात मागा. घटकांच्या यादीत फॉर्मल्डिहाइड, मिथिलीन ग्लायकॉल किंवा ग्लायऑक्सिलिक आम्ल दिसलं, किंवा बाटली दाखवायलाच कोणी नकार दिला, तर खुर्चीवरून उठा आणि घरी या.